रक्त पडणे थांबत नसेल तर : आतड्याच्या दाहाविषयी थोडे



मार्काच्या पाचव्या अध्यायातील बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी स्त्री आपल्या परिचयाची आहे. वैद्य झाले, पैसा संपला, गुण मात्र नाही. पुसद तालुक्यातील आंध समाजाच्या एका वस्तीवर मला तशीच एक बहीण भेटली. आठ महिने शौचातून रक्त आणि आव पडत होती. कधी मूळव्याधीचे औषध झाले, कधी हगवणीच्या गोळ्या. लाजेपायी तिने सासूलाही सांगितले नव्हते. अंगात रक्त इतके कमी झाले होते की पाण्याची घागर उचलवत नव्हती.

दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी झाली तेव्हा कळले, हा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’.

हा आजार काय आहे?
जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, तेथे सूज येते, व्रण पडतात. कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात असतो. त्याचा भाऊ ‘क्रोन्स’ तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो करणी नव्हे, पापाची शिक्षाही नव्हे.

क्षयरोगाशी गल्लत
आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोन्ही बहुधा लहान व मोठे आतडे जुळते तेथेच होतात. पोटदुखी, ताप, वजन घटणे ही लक्षणेही सारखीच. पण उपचार उलटे आहेत. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. क्षय असताना तीच दिली तर क्षय बळावतो. म्हणून आतड्याचा तुकडा काढून तपासल्यावाचून स्टेरॉइडच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. क्षय निघाला तर सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

उपचार
कोलायटिसमध्ये मेसालामाइन हे रोजचे औषध. दुखणे फार वाढले तर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. ते एकदम न थांबवता हळूहळू कमी करावे लागते. काहींना अ‍ॅझाथायोप्रिन लागते, त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासतात. काहींना महाग इंजेक्शने किंवा शस्त्रक्रिया लागते. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. रुग्ण शेतात राबू शकतो, संसार करू शकतो.

आमच्या बहिणीला दोन महिन्यांत बरे वाटले. कापूस वेचणीचे दिवस आले, मजुरी बुडू नये म्हणून ती औषधाला गेली नाही. दिवाळीनंतर रक्त पुन्हा सुरू झाले. चूक तिची एकटीची नव्हती. बरे वाटले तरी गोळी सोडायची नाही, हे मी तिला नीट समजावलेच नव्हते. आता ती पुन्हा औषधावर आहे.

आपण काय करावे?
दोन-तीन आठवड्यांहून अधिक रक्त किंवा आव पडत असेल, रात्री झोपेतून शौचाला उठावे लागत असेल, वजन घटत असेल, तर त्या व्यक्तीला पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. पुढे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागेल. तिकिटाचे पैसे द्या, आणि जमल्यास सोबत जा. एकटी बाई बसस्थानकावरूनच परत फिरते, हे मी पाहिले आहे.

गर्दीत लपून आलेल्या त्या स्त्रीला प्रभूने सर्वांसमोर मुलगी म्हटले. आपल्या वस्त्यांवर लाजेने गप्प बसलेल्यांसाठी प्रार्थना करा, आणि त्यांना आपणहून विचारा.