कीड काढणारा माणूस कसा निवडावा?



कापड घेताना आपण थान उलगडतो, पन्हा मोजतो, ओल्या बोटाने रंग तपासतो. मात्र दुकानात वाळवी लागली किंवा उंदीर झाले की पंप घेऊन दारात येईल त्याला आत घेतो आणि विचारतो फक्त भाव. हा विषाचा सौदा आहे. भावाआधी पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. कीड कोणती? काम करणाऱ्याने आधी जागा पाहावी, मग भाव सांगावा. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करीत फळ्यांवर व तेथून गठ्ठ्यांत शिरते. खळ असलेल्या सुती कापडाला कसर लागते. लोकरी शाली पतंगाची अळी खाते. प्रत्येकीचा इलाज वेगळा. न पाहता फोनवरच ‘सगळ्यावर एकच औषध’ म्हणणाऱ्याला घेऊ नये.

२. परवाना आहे का? आपल्या हिंगोली-वसमतकडे हळद व धान्याची गोदामे पुष्कळ. अशा मालातील किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांची धुरी देतात. हवेतील ओलाव्याने ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. तो भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. वास येईलच असा भरवसा धरू नये. म्हणून ओळखीच्या माणसाने ‘उंदरासाठी दोन गोळ्या’ आणून दिल्या तरी घरात ठेवू नका. ज्या घरात बायका-मुले झोपतात, त्या घरासाठी ही वस्तू नाही. दुकानदारांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: हा वायू तांबे व चांदीला खातो. जरीचा माल आणि विजेच्या तारा त्याने काळवंडतात.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे अशी धुरी देण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. त्यासाठी शेतकी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी, शिवाय म्हैसूर, हापूड किंवा हैदराबाद येथील सरकारी संस्थेत किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण, अशी अट आहे. परवाना मागायला संकोच कसला? आपणही गिऱ्हाईकाला पक्के बिल दाखवतोच.

३. औषध कोणते? डबा आपल्यासमोर उघडायला लावा. त्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. बिनलेबलच्या बाटलीतले औषध घेऊ नका. औषधाचे नाव, प्रमाण, किती वेळ घर बंद ठेवायचे आणि हमी किती महिन्यांची, हे सर्व पावतीवर लिहून घ्या. फवारणीआधी अन्न, पाणी, पाळणा आणि उघडा माल हलवा.

४. काम पुरे झाले का? वाळवीसाठी वरवर फवारून भागत नाही. भिंत व फरशीच्या सांध्यालगत साधारण एकेक फुटावर १२ मिलिमीटरची छिद्रे पाडून औषध खालच्या मातीपर्यंत सोडावे लागते. मागून छिद्रे सिमेंटने बुजवतात. ही छिद्रे मोजा, मगच पैसे द्या.

जनावरांची गोष्ट निराळी आहे. गोदामात नाग किंवा घोरपड निघाली तर ते कीडवाल्याचे काम नव्हे. दोघेही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मारल्यास किमान ३ वर्षे कैद होऊ शकते. माणसे बाहेर काढा, एकाने दुरून नजर ठेवावी आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करावा. वानरांचेही तसेच. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात वानरांचा उपद्रव झाला, तेव्हा नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली.

धुरी किंवा फवारणीनंतर कोणाला मळमळ, धाप किंवा चक्कर आली तर घरगुती इलाजात वेळ घालवू नका. त्याला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा पावती डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच पावतीवर औषधाचे नाव हवे. स्वस्त माणसाने वाचवलेले दोन-चारशे रुपये त्या वेळी कामी येत नाहीत.