आधी बघ, मग पूस

बाय, गोठा आता तुझ्या हाती. दुधाचा हिशेब तुला माझ्यापेक्षा बरा जमतो. जनावराच्या डोळ्यातलं पाणी कसं ओळखायचं, तेवढं माझ्याकडून घे.

डोळा वाहताना दिसला की लगेच फडकं घेऊन धावू नको. एकच डोळा वाहतोय की दोन्ही, ते बघ. एकच असेल तर बहुधा पेंढ्याचं कुसळ गेलेलं असतं. दोन्ही असतील तर धूळ, धूर, नाहीतर ताप. पनवेलला डंपर वाढल्यापासून धुळीचं पाणी नेहमीचंच झालंय. ते पातळ असतं, गुरं आत बांधली की थांबतं. पाणी दाट, पिवळं झालं, चिपडं धरली, उजेडात डोळा मिटून घेतला, तर ते दुखणं समज.

शेळीच्या डोळ्यावरून गाईचा अंदाज बांधू नको. आसवं सगळ्यांचीच खारट, पण आतला माल वेगळा. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगनं १९२२ मध्ये लायसोझाइम दाखवून दिलं. जंतूंची भिंत फोडणारा हा पदार्थ माणसाच्या आसवांत असतो, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात तर भरपूर. शेळ्यामेंढ्यांच्या आसवांतही सापडतो. गाईच्या आसवांत मात्र नसल्यात जमा. शेळीचा डोळा दुखत नाही असं नाही, पण गाईचं बुबुळ धुरकट दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव. उद्यावर टाकलंस तर फूल पडेल.

माशीवर नजर ठेव. आसवांत प्रथिनं असतात, ती चाटायला माशी बसते आणि एका गुराचे जंतू दुसऱ्याला नेते. गाईम्हशींच्या डोळ्यातला जंतही तीच पसरवते. दोऱ्यासारखं पांढरं काही वळवळताना दिसलं तर चिमट्यानं ओढू नको, ते डॉक्टरांचं काम. तू शेण रोज उचल, उकिरडा लांब ठेव आणि एका जनावराचं फडकं दुसऱ्याला लावू नको.

उन्हाळाभर नुसत्या पेंढ्यावर गुरं ठेवू नको. वाळल्या पेंढ्यात अ जीवनसत्त्व बनवणारं काही उरत नाही. डोळ्याला पाणी आणि दिवेलागणीला गाय ठेचकाळते, असं दिसलं की आधी गव्हाणीत हिरवा चारा बघ.

शेळीचे डोळे-नाक वाहतायत, तोंडात फोड, वर हगवण, तर पीपीआर हा साथीचा रोग असू शकतो. तिला वेगळी बांध आणि जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या नंबरवर फोन कर.

कुसळ गेलं असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून गार कर, त्यात चहाचा पाऊण चमचा मीठ घालून डोळा धू. घरातले जुने थेंब घालू नको. काहींत स्टेरॉइड असतं, त्यानं बुबुळावरची जखम चिघळते.

आणि कुणीही सांगितलं तरी तंबाखूची चूळ डोळ्यात मारू नको. मी मारली होती, ढवळ्याच्या डाव्या डोळ्यात. चार दिवस वाट बघत बसलो. डोळा गेला. पुढं नांगराला तो कायम डावीकडं जुंपला, म्हणजे उरल्या डोळ्यानं जोडीदार तरी दिसावा.