रिपोर्ट बाजूला ठेवा, बाळाचे श्वास मोजा

‘ह्युमन बोकाव्हायरस : डिटेक्टेड.’ मोबाइलवर एवढी एक ओळ आली की घराची झोप उडते. रिपोर्ट मामाला जातो, मावशीला जातो, सोसायटीच्या ग्रुपवर जातो. सकाळी आई-बाबा बालरोगतज्ज्ञांसमोर बसतात ते एकच मागणं घेऊन : विषाणू सापडलाय, आता त्याच्यावरचं जोरदार औषध द्या.

असं औषध नाही. बोकाव्हायरसला मारणारी गोळी नाही, सिरप नाही आणि त्याची लसही नाही. घाबरण्याआधी हेही ऐकावं, की बहुतेक मुलांना अशा औषधाची गरजच पडत नाही. सर्दी, खोकला, ताप, छातीत घरघर, कधी सोबत जुलाब, असा हा आजार येतो आणि बहुतेक मुलांमध्ये आठवडाभरात ओसरतो. खोकला मात्र त्यानंतरही काही दिवस रेंगाळू शकतो.

‘नवीन व्हायरस आलाय’ ही अफवाही दर हंगामात फिरते. स्वीडनमधल्या टोबियास अलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा विषाणू २००५ मध्ये सापडला. तो तेव्हा जन्मला असं नाही, ओळखता आला तेव्हा. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांना तो सर्वाधिक गाठतो, आणि सहा वर्षांची होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज दिसतात. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांच्या घरातल्या बहुतेक मुलांना तो होऊन गेला असेल, आणि घरच्यांनी त्याला ‘हवा बदलली की होणारी सर्दी’ म्हटलं असेल.

खरी गल्लत रिपोर्टच्या अर्थात होते. नाकातल्या स्वॅबवर एकाच वेळी पंधरा-वीस जंतू शोधणाऱ्या पीसीआर चाचण्या आता शहरोशहरी होतात. बोकाव्हायरसची खोड अशी, की मूल बरं झाल्यावरही तो आठवडे, कधी महिने नाकात टिकून राहतो. ठणठणीत मुलांच्या नाकातही तो आढळतो. आजारी मुलात अनेकदा त्याच्या जोडीला आरएसव्ही किंवा ऱ्हायनोव्हायरस असा दुसरा विषाणू असतो, आणि त्रास देणारा नेमका कोण हे त्या ओळीवरून कळत नाही. त्यामुळे निगेटिव्ह येईपर्यंत चाचणी करत राहणं व्यर्थ आहे. बरं झालेल्या मुलाकडे निगेटिव्ह रिपोर्ट मागणाऱ्या पाळणाघरांनीही हे समजून घ्यावं.

एकाच सकाळी दवाखान्यात आलेल्या दोन बाळांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिला चौदा महिन्यांचा मुलगा, रिपोर्टमध्ये बोका पॉझिटिव्ह. हातात बिस्कीट, सगळी खोली पालथी घालत होता. नाक वाहत होतं, एवढंच. पण मोठ्या बहिणीच्या बाटलीत उरलेलं अ‍ॅझिथ्रोमायसीन त्याला तीन दिवस पाजलं होतं आणि आता त्याला जुलाब लागले होते. दुसरी सात महिन्यांची मुलगी. तिची कुठलीच तपासणी झालेली नव्हती. ‘कालपासून ताप नाही, म्हणून थांबलो,’ आजी म्हणाली. झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. श्वास मोजले, मिनिटाला ६८. तिला लगेच ऑक्सिजन लावून दाखल करावं लागलं. रिपोर्टची भीती एका घरात आणि धोका दुसऱ्याच घरात, असं वारंवार घडतं.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. हे सांगून डॉक्टरांचे घसे बसले, तरी उरलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारात जपून ठेवल्या जातातच. इंटरनेटवर पाहून सुरू केलेलं स्टेरॉइडचं सिरप आणि शेजाऱ्यांकडून आणलेलं नेब्युलायझरचं औषध हे तर त्याहून वाईट. खोकल्याच्या औषधाबद्दल आता तरी कुणी हट्ट धरू नये. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात २०२५ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २० हून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तेव्हा बजावलं.

मग पाहायचं काय? श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या सुईणींच्या हाती एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांचं साधन दिलं. ज्यांना साठापर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांनाही त्यावरून बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून. घरोघरी मोबाइलमध्ये घड्याळ असलेल्या पालकांना हे नक्कीच जमेल.

बाळ शांत किंवा झोपलेलं असताना कपडे वर करा, पोटाकडे पाहा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पोट वर आलं की एक. रडताना, दूध पिताना मोजू नका. ताप चढलेला असेल तर उतरल्यावर पुन्हा मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, बाळ कण्हतंय, ओठ निळसर दिसताहेत, दूध ओढत नाही, उठवूनही नीट उठत नाही, झटका आला, सहा-आठ तास लघवी नाही : यातलं एकही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. दिवस भरण्याआधी जन्मलेली, हृदयाचा जन्मजात दोष असलेली आणि कुपोषित बाळं असतील तर आणखी लवकर निघा.

बाकीच्यांसाठी घरचे उपाय साधे आहेत. नाकात सलाइनचे थेंब, थोडं थोडं पण वारंवार दूध, तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. कापूर नको, तान्ह्या मुलांना त्याने झटके येऊ शकतात. वर्षाच्या आत मध चाटवू नका. आणि हात साबण-पाण्याने धुवा. या विषाणूला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझरवर भिस्त ठेवता येत नाही.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा श्वास जोरात चालू झाला, तर यातलं काहीच घरी करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर महाराष्ट्रात १०८ वर फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.