फडकं लांब ठेवा

नव्या गाडीचा रंग रस्त्यावर कमी आणि दारात जास्त खराब होतो. हे सांगणारा माणूस दुसरबीडचा आहे, म्हणजे धुळीशी त्याची ओळख जुनी. एका अंगाला किनगावराजा आणि सिंदखेडराजा, दुसऱ्या अंगाला बीबी आणि मेहकर, मधून जुना मुंबई-नागपूर रस्ता आणि जवळूनच गेलेला समृद्धी महामार्ग. उन्हाळ्यात काळ्या रानातली माती उडते, सोयाबीन निघालं की मळणीयंत्राचा भुसा उडतो, आणि वर्षभर ट्रकांच्या चाकांमागून जे उडतं ते वेगळंच. एवढं असूनही आमच्या गाडीच्या बोनेटची जी दशा झाली, तिच्यात या धुळीचा दोष निम्माही नव्हता. उरलेलं काम फडक्याने केलं.

गाडी गडद निळी. घरच्यांनी एकमताने निवडलेला रंग, आणि शोरूमच्या दिव्यांखाली तो देखणाही दिसत होता. गाडी दारात आल्यापासून तिची सेवा सुरू झाली. बाहेर निघणारा प्रत्येक जण आधी फडकं झटकायचा आणि बोनेटवरून, टपावरून, दारांवरून फिरवायचा. कोरडंच. शेजारचा एक पोरगा तर रोज सकाळी हौसेने यायचा. त्याला म्हटलं, आधी पाणी मार रे, तर म्हणायचा, ‘दादा, कायले पाणी वाया घालता? कपडा मारला की चकाचक!’ आपल्याकडे बैल घासून धुणारा हात गाडीलाही तसाच घासतो. त्यात माया असते, म्हणून कोणाला रागावताही येत नाही.

पहिल्या दिवाळीच्या आत बोनेटवर रात्री खांबावरच्या दिव्याचा उजेड पडला की त्याच्याभोवती बारीक गोल गोल रेघा दिसायला लागल्या. सर्व्हिसिंगला गाडी गेली, तेव्हा बिलात रबिंग-पॉलिशची ओळ आली. गाडी चमकून परतली. घरी पुन्हा फडकं, पुन्हा रेघा, पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा रबिंग. शेवटी जालन्याला रंगाचंच काम करणाऱ्या एका कारागिराकडे गाडी नेली. त्याने मशीन हातात घेण्याआधी एक छोटा मीटर काढला आणि जागोजागी टेकवून रंगाची जाडी मोजली. दारांवर ११८ मायक्रॉन, टपावर ११५, आणि बोनेटच्या मध्यावर ९४. ‘कंपनीतूनच थोडा फरक असतो,’ तो म्हणाला, ‘पण एवढा नसतो. हे घासून गेलं. आता मी मशीन लावणार नाही. पैसे मिळतील मला, पण तुमचा रंग जाईल.’ असा गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस क्वचितच भेटतो.

त्या मीटरवरच्या आकड्यांत काय काय मोजलेलं असतं, हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, मग विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. यातला निळा, लाल, पांढरा जो काही रंग आहे, तो जेमतेम १५-२० मायक्रॉनचा. वरचा क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, ओरखडे, सगळं झेलायचं ते त्यानेच. रबिंग म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणायचा, की ओरखडा दिसत नाही. हा थर परत वाढत नाही. दर रबिंगला काही मायक्रॉन जातात, आणि एक दिवस खालचा रंग उघडा पडतो. मग तो पॅनल नव्याने रंगवावा लागतो, आणि कारखान्यातल्या भट्टीचा रंग गॅरेजमध्ये येत नाही.

तेव्हा सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ब्युटिफिकेशन’, ‘रबिंग’, ‘पॉलिशिंग’ अशी जी ओळ असते, ती गाडी देतानाच खोडायला सांगा. जॉबकार्डवर लिहून घ्या. गाडी धुऊही नका, असंही मी लिहून देतो. तिथे त्याच स्पंजने आधी कोणाच्या जीपची चाकं पुसली असतील हे कोण सांगणार?

आता फडक्याकडे येतो. धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. कोरडं फडकं फिरवलं की ते कण रंगावरून ओढले जातात. फडकं कितीही मऊ असलं तरी उपयोग नाही, कारण ओरखडा फडक्याचा नसतोच. म्हणून धूळ बसली तर बसू द्या. धुळीने गाडी वाईट दिसते, खराब होत नाही. हे घरातल्या मोठ्यांना पटवणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे. आमच्याकडे ते अजून पूर्ण झालेलं नाही.

काही जण फडक्याला डिझेल लावतात. ट्रॅक्टरवर, जुन्या जीपवर हा प्रयोग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चमक येते खरी, पण ती तेलाच्या पातळ थराची. त्या थराला संध्याकाळपर्यंत धूळ चिकटते, आणि दुसऱ्या दिवशी पुसणारा माणूस पॉलिशपेपरच चालवतो. शिवाय खिडक्यांचं रबर फुगतं. डिझेल टाकीत शोभतं.

धुवायची कशी, ते नीट सांगतो, कारण इथेच सगळं आहे. गाडी सावलीत आणि गार असावी. पत्रा हाताला चटका देत असेल, तर पाणी मारू नका, साबण जागेवरच सुकतो. आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली, हात न लावता. कण वाहून जाऊ द्या. दोन बादल्या घ्या, एकीत गाड्यांसाठीच्या शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. जाड मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा कापड शॅम्पूत बुडवून एक पॅनल धुवायचा, मग ते साध्या पाण्यात खळबळून कण सोडवायचे, मगच परत शॅम्पूत. हात गोल फिरवू नका, सरळ फिरवा. टप पहिला, दारांचे खालचे भाग शेवटी. चाकांना वेगळं कापड, आणि ते कापड रंगाला कधीच लागता कामा नये, कारण त्यात ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा चुरा असतो. कापड हातातून जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. कपडे धुण्याची पावडर आणि भांड्यांचा साबण नको, रंगावर मेण वगैरे काही लावलं असेल तर ते उतरवून टाकतात. हे सगळं सामान दीड-दोन हजारांत येतं, आणि माझ्या मते नव्या गाडीवर करायचा पहिला खर्च हाच.

इथे आमच्या भागाची खरी अडचण येते, ती पाण्याची. बोअरचं पाणी जड. ज्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तेच पाणी बोनेटवर उन्हात सुकलं की क्षारांचे गोल डाग मागे ठेवतं. गडद गाडीवर ते लगेच दिसतात, आणि महिनोन्‌महिने राहिले तर क्लिअर कोटमध्ये उतरतात. यावर साधा उपाय असा की धुऊन झाल्याबरोबर गाडी कोरडी करायची. मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा आणि ओढून घ्यायचा, घासायचा नाही. दुसरा उपाय त्याहून बरा. गावोगावी आता फिल्टरच्या पाण्याचे जार मिळतात. शेवटचं पाणी त्या जारचं घ्या, डाग जवळपास पडतच नाहीत. पडलेच, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, सावलीत, डागावर दोन मिनिटं ओलं कापड ठेवायचं आणि लगेच स्वच्छ धुवायचं. आधी कोपऱ्यात करून पाहा.

एप्रिल-मेमध्ये प्यायलाच पाणी जपून वापरायचं असतं, तेव्हा पाइप लावून गाडी धुणं मनाला पटत नाही, आणि पटूही नये. नुसती धूळ असेल तर रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं. अर्ध्या बादलीत झाकणभर. त्यातला पदार्थ धुळीच्या कणाभोवती निसरडा थर धरतो आणि कण रंगावर न घासता कापडात येतो. पाच-सहा कापडं लागतात, मळलेलं बाजूला टाकत जायचं. पण चिखल असेल तिथे हे चालत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलात की चाकांच्या वर, मडगार्डच्या आत काळी माती घट्ट बसते आणि आठवडाभर ओल धरून राहते. गंज तिथून लागतो, वरून नाही. तिथे पाण्याची धार हवीच. दारांच्या तळाशी पाणी निचरायला बारीक भोकं असतात, ती मोकळी आहेत ना, तेही बघून घ्या.

पक्ष्यांची विष्ठा मात्र पुढच्या धुण्यापर्यंत ठेवायची नाही. तिच्यात युरिक आम्ल असतं, आणि उन्हात उभ्या गडद गाडीचा पत्रा ७० अंशांपर्यंत तापतो. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो, विष्ठा सुकून आकसते आणि ठसा कायमचा राहतो. गाडीत पाण्याची बाटली आणि एक कापड ठेवा. ओलं कापड डागावर पाच मिनिटं ठेवायचं, मग उचलून घ्यायचं. समृद्धीवरून १२० च्या वेगाने आलात, तर बंपरवर आणि आरशांवर चिकटलेल्या किड्यांनाही हाच नियम. उन्हाळ्यात लिंबाखाली गाडी लावावी की उन्हात, हा वाद मी सोडून दिला. लिंबोळ्या पिकल्या की पाखरं येतात. पत्र्याचं साधं शेड उभं केलं, प्रश्न मिटला. कव्हर घालत असाल तर स्वच्छ गाडीवरच घाला. धुळीच्या गाडीवरचं कव्हर वाऱ्याने हलतं, आणि वारा रात्रभर फडकं मारत बसतो.

आता ज्या प्रश्नासाठी लोक थांबवून विचारतात तो, कोटिंग घ्यावं का? टेफ्लॉनच्या नावाने शोरूममध्ये जे लावतात, त्याच्यावर पैसे घालू नका. तव्यावर टेफ्लॉन बसवायला साडेतीनशे अंशांच्या आसपासची भट्टी लागते. ती उष्णता गाडीच्या रंगाला देता येत नाही. राहतं ते साधं पॉलिश, आणि ते काही धुण्यांत जातं. सिरॅमिक कोटिंग खरं असतं. सिलिकाचा पातळ थर रंगाला धरून बसतो, पाणी गोळा होऊन घरंगळतं, धुणं सोपं होतं, विष्ठेला थोडा वेळ मिळतो. पण ‘९ एच’ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कडक, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. ते माप पेन्सिलींचं आहे. ९ एच पेन्सिलीच्या शिशाने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूने उठतो, दगडाने तर टवका उडतो. दगडापासून वाचवते ती फिल्म, पीपीएफ, दीडशे-दोनशे मायक्रॉनची. पूर्ण गाडीला तिचा खर्च लाखाच्या घरात जातो. फक्त बोनेट आणि पुढचा बंपर करून घेणं परवडतं. रोज समृद्धीवरून जाणाऱ्याने तेवढं करावं, इतरांनी गरज नाही.

मी स्वतः डबीतलं सीलंट लावतो. रविवारी सकाळी, सावलीत, चार-पाच महिन्यांतून एकदा. नव्या गाडीला सहा महिने काही लावू नये, रंग ‘पिकू’ द्यावा, असं सांगणारे भेटतात. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, तो पिकूनच आलेला असतो. गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या पॅनलला मात्र काही आठवडे मोकळं सोडायचं.

पूजेबद्दल बोलायलाच हवं. गाडी आली की कुंकवाचं स्वस्तिक बोनेटवर निघतं, आणि दसऱ्याला झेंडूचा हार. ओल्या कुंकवाचा रंग उन्हात तसाच राहिला तर डाग सोडतो, पांढऱ्या गाडीवर गुलाबी. स्वस्तिक समोरच्या काचेवर काढा, किंवा संध्याकाळी पाण्याने उतरवा. हार तारेत ओवलेला असेल तर बोनेटवर टाकू नका. दोऱ्यात ओवून घ्या आणि गाडी चालवायच्या आधी काढा. आमच्या भटजींना हे सांगितलं, तर त्यांनी आनंदाने मानलं. त्यांच्याही दारात गाडी आहे.

आणि हे सगळं करूनही एखाद्या दिवशी पळाटीने भरलेली ट्रॉली शेजारून जाईल आणि दारावर रेघ ओढून जाईल. त्या रेघेवरून नख फिरवा. ते अडकत नसेल तर हात लावू नका. अडकत असेल, पांढरं किंवा पत्रा दिसत असेल, तर पावसाआधी टच-अपची छोटी कुपी आणून बारीक काडीने तेवढ्याच जागी रंग भरा. त्यासाठी गाडीच्या रंगाचा कोड लागतो. तो बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. आजच बघा आणि गाडीच्या कागदांत लिहून ठेवा.