रानगवतांची रोपे बियाण्यापासून कशी तयार करावीत

हिमायतनगर तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. नदीपलीकडे उमरखेड तालुका लागतो आणि पूर्वेस किनवटचे सागवानी रान पसरलेले आहे. या रानाच्या कडेची गावे पूर्वी उन्हाळ्याची वैरण दोन ठिकाणांहून मिळवीत : घरच्या ज्वारीचा कडबा आणि माळावरील वाळले गवत. सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले तसा कडबा कमी झाला. माळावरचे चांगले गवतही त्याच सुमारास विरळ झाले. लाल कंधारी गोवंश हे नांदेड जिल्ह्याचे जातिवंत धन होय. परंतु वैशाखात दावणीला वैरण नसली की बैल बाजार दाखवतो, आणि एकदा गेलेला बैल त्याच किमतीत परत मिळत नाही. म्हणून गायरानात व बांधावर मूळची गवते पुन्हा उभी करण्याचा प्रश्न हा शोभेचा नसून दावणीचा आहे.

द्वीपकल्पीय भारतातील या पट्ट्याच्या गवताळ आच्छादनास दबडघाव व शंकरनारायण यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन मुख्य गवतांची नावे दिली. त्यांपैकी सेहिमा म्हणजे आपले पवना, आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. पवना मुरमाड उतारावर व विरळ झाडीत वाढते. मारवेलला काळी, ओल धरणारी जमीन मानवते. डोंगरी गवतही दगडी उतारास उत्तम. ही तिन्ही बहुवर्षायू आहेत व गुरे ती आवडीने खातात. चराई अति झाली म्हणजे हीच प्रथम नाहीशी होतात. मग कुसळी येते आणि शेवटी तरोटा व गाजरगवत. रोशा गवत रानात पुष्कळ दिसते, पण त्यातील तेलाच्या उग्र वासामुळे गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. चाऱ्यासाठी ते निवडू नये.

पुष्कळ ठिकाणी गवताचे बी आणून पहिल्या पावसात फोकून देतात आणि महिन्याने तेथे तणच दिसते. मग बी खोटे होते असा समज होतो. वस्तुतः दोष बियाण्याच्या स्वभावात आहे, आणि तो ओळखून घेतला पाहिजे. ज्यास आपण गवताचे बी म्हणतो ते खरे बी नसून कणिशक, म्हणजे तुसात गुंडाळलेला फुलोऱ्याचा लहानसा भाग असतो. मारवेल, पवना यांसारख्या गवतांत ही कणिशके जोडीने येतात. देठ नसलेल्या, कुसळ असलेल्या कणिशकात दाणा भरतो. त्याच्या देठ असलेल्या जोडीदारात दाणा नसतो. म्हणजे पोते भरले तरी त्यातील निम्म्याहून अधिक माल निसर्गतःच पोकळ. त्यात पाऊस लवकर उघडला की उरलेल्यातही पोल अधिक निघते. दुसरी गोष्ट अशी की ताजा दाणा लगेच उगवत नाही. त्यास काही महिन्यांची विश्रांती लागते. शिवाय उघड्यावर पडलेला दाणा मुंग्या व पाखरे वेचून नेतात. एवढ्यातून वाचलेला कोंब तरोट्याच्या सावलीत कोंडतो. म्हणून थोडे बी असेल तेथे ते फोकण्याऐवजी त्याची रोपे करावीत.

बी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पिकते. तुरा एकदम पिकत नाही. शेंड्याकडून पिकत खाली येतो व पिकलेले कणिशक लगेच गळते. तेव्हा आठवड्यातून दोनदा फिरून तुरा मुठीत धरून हलकेच ओरपावा. जे सहज हाती येते तेच पिकलेले समजावे. ओढून काढावे लागते ते हिरवे असते. राखीव वनातून बी गोळा करण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. अभयारण्याच्या हद्दीत तर तिच्यावाचून काडीही उचलू नये. सुदैवाने बांध, रेल्वेच्या कडेची पडीक जागा व जुनी राखलेली गवतरानेही पुरेसे बी देतात. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत, कोरड्या जागी टांगून ठेवावे. मेपर्यंत सहा-सात महिने लोटतात व विश्रांतीचा काळ बहुतांशी सरतो.

पेरणीपूर्वी शंभर कणिशके मोजून तळहातावर चोळावीत, तूस फुंकून टाकावे आणि खाली राहिलेले पिवळसर दाणे मोजावेत. शंभरात वीस निघाले तर ट्रेच्या प्रत्येक खाचेत पाच-सहा कणिशके टाकावी लागतील, हे सरळ गणित आहे. लांब कुसळे पोत्यात वाळूबरोबर चोळून मोडावीत. रानात हेच कुसळ ओलीने पीळ घेत दाण्यास जमिनीत शिरवते. ट्रेमध्ये मात्र ते दाण्यास उचलून आडवे पाडते.

हरितगृह म्हटले की काच किंवा प्लॅस्टिकचे छप्पर डोळ्यांपुढे येते. ते थंड मुलखात उपयोगी. मराठवाड्याच्या मे महिन्यात असे बंद घर भट्टी होते. येथे निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांबूंवर ताणून, बाजू मोकळ्या ठेवल्या म्हणजे पुरे. जोराच्या वळवाने ट्रेमधील बी उसळून जाऊ नये म्हणून तेवढ्यापुरता प्लॅस्टिकचा कागद जवळ असावा.

चाळलेली माती दोन भाग, वाळू एक भाग व पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करावे. नुसती काळी माती घेऊ नये. तिची खपली कोवळ्या कोंबास फुटत नाही. मिश्रण आठ-दहा दिवस आधी भिजवून त्यातील तण उगवू द्यावे व उपटून टाकावे. तरीही एक ट्रे बी न पेरता शेजारी ठेवावा. कोवळेपणी सारी गवते सारखीच दिसतात. त्या रिकाम्या ट्रेमध्ये जे उगवेल ते तण, हे त्यावरून कळते. अनेकांनी महिनाभर निगुतीने तणच वाढवले आहे.

मेच्या अखेरीस पेरणी करावी. दाण्यावर अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक थर देऊ नये. ट्रे जमिनीवर न ठेवता बाजेवर ठेवावेत व बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत असावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. झारीने सकाळी पाणी द्यावे. संध्याकाळी भिजवलेले ट्रे रात्रभर ओले राहतात व रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. आठवड्याच्या सुमारास सुईसारखे कोंब दिसू लागतात, पण सारे एकदम येत नाहीत. तीन आठवडे झाल्याखेरीज ट्रे निकामी ठरवू नये.

पाच-सहा आठवड्यांची रोपे लावणीस योग्य होतात. शेवटचे आठ दिवस जाळी काढून त्यांस उन्हाची सवय लावावी. जमिनीत वीतभर ओल गेल्यावर, जुलैच्या आरंभी, शेंडे छाटून 75 बाय 50 सेंटिमीटर अंतरावर लावावीत. पाच गुंठ्यांस सुमारे 1350 रोपे लागतात. 104 खाचांचे पंधरा ट्रे केल्यास मर धरूनही भागते. सारे गायरान एका वर्षी हाती घेण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेस असा पाच गुंठ्यांचा तुकडा नीट राखणे अधिक शहाणपणाचे, कारण पुढे बी तेथूनच पसरते. दाट सागाखाली लावू नये. झाडांमधील उजेडाची मोकळी जागा निवडावी.

मारवेलचे ठोंबही लावता येतात व चाऱ्याच्या शेतासाठी तीच पद्धत सोयीची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तिच्या निवडक जाती दिल्या आहेत. परंतु ठोंबापासून एकाच झाडाची प्रत मिळते. माळावर मुरूम, ओल व सावली पावलागणिक बदलते, तेथे नाना झाडांचे मिश्र बी अधिक टिकते. अधिक माहितीसाठी सगरोळी व पोखर्णी येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे विचारणा करावी.

पहिल्या वर्षी त्या तुकड्यात गुरे सोडू नयेत. ग्रामसभेत हे आधी ठरवून घ्यावे. मागाहून काटेरी कुंपण घालून भांडणे मिटत नाहीत. बी गळाल्यावर जमिनीपासून चार बोटे वर ठेवून विळ्याने कापणी करावी. दुसऱ्या वर्षापासून फुलोऱ्यात कापून वाळवलेले गवत वैरणीस अधिक कसदार असते. मात्र तिसरा हिस्सा न कापता बियाण्यासाठी उभा ठेवावा.