प्रेसनोटच्या आधीची खुर्ची

प्लेसमेंटचा मोसम सुरू झाला की हॉस्टेलवर दोनच प्रश्न ऐकू येतात. "पॅकेज किती?" आणि "कोअर की आयटी?" अशा वेळी एखाद्यानं "मला कंपनीच्या जनसंपर्क विभागात जायचंय" असं म्हटलं, तर अख्खी रूम त्याच्याकडे बघत राहील. "म्हणजे रिसेप्शनला बसणार का रे?" असंही कुणीतरी विचारील. पीआर म्हणजे गोड बोलायचं, पत्रकारांना चहापाणी करायचं आणि साहेबांचा फोटो पेपरात आणायचा, असा आपला समज. तो अगदीच खोटा नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं यातलं बरंच काही करावं लागतं. पण या क्षेत्रात वरच्या खुर्चीपर्यंत जे पोचतात त्यांचं काम निराळं असतं, आणि त्या कामाला इंजिनियरचं डोकं फार उपयोगी पडतं.

थोडा इतिहास बघू. (कंटाळू नका, युनिट टेस्टला येणार नाही.) ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेत ॲटलांटिक सिटीजवळ एक विजेवर चालणारी रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली. पन्नासहून अधिक माणसं दगावली. त्या काळी रेल्वे कंपन्यांची रीत अशी की अपघात झाला की दारं बंद करायची आणि पत्रकारांना हाकलून द्यायचं. पेनसिल्व्हानिया रेल्वेचं प्रसिद्धीचं काम आयव्ही ली नावाचा एक माजी पत्रकार बघत होता. त्यानं उलटं केलं. काय घडलं याचं निवेदन कंपनीतर्फे स्वतःहून वर्तमानपत्रांना दिलं. आज ज्याला आपण प्रेसनोट म्हणतो तिची सुरुवात बहुतेक पुस्तकांत इथून सांगतात.

पण याच लीची पुढची गोष्ट पुस्तकांत जरा घाईनं उरकली जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. १९१४ साली कोलोरॅडोत लडलो इथे कोळसा खाणकामगारांच्या संपात तंबूंवर गोळीबार झाला, आग लागली, बायका-मुलं मेली. मालक रॉकफेलर घराणं. त्यांच्या बाजूनं पत्रकं काढायचं काम लीकडे आलं. त्या पत्रकांत संघटनेच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे चुकीचे छापले गेले. चौकशीत त्याला विचारलं तेव्हा उत्तर काय, तर आकडे कंपनीनं दिले होते, आपण ते तपासले नव्हते! दुसऱ्याचं रीडिंग उतरवून जर्नल पूर्ण करणाऱ्यांना ही अडचण चांगलीच समजेल. अप्टन सिंक्लेअर या लेखकानं त्याला "पॉयझन आयव्ही" म्हणजे विषारी वेल असं नाव ठेवलं, ते त्याला जन्मभर चिकटलं.

यातून एक गोष्ट लक्षात येते. निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा, माहिती दुसऱ्यांनी द्यायची आणि आपण फक्त भाषा सजवायची, अशी रचना असेल तर जनसंपर्क अधिकारी कितीही हुशार असो, तो फसणार. १९२७ मध्ये आर्थर पेज नावाचा मासिकाचा संपादक एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत जनसंपर्काचा उपाध्यक्ष झाला. धोरण ठरवण्यात आपल्याला वाव असेल तरच येतो, ही त्याची भूमिका होती. निर्णय होत असताना खोलीत बसायचं आणि "हे लोकांना सांगता येणार नाही, म्हणून हे करूच नका" असं म्हणायचं. आज मोठ्या कंपन्यांत कॉर्पोरेट कम्युनिकेशनचा प्रमुख थेट एमडीला रिपोर्ट करतो, तो याचसाठी.

आता टायलेनॉलचं प्रकरण. मॅनेजमेंटच्या प्रत्येक पुस्तकात ते आहे, पण आपल्या कामाचा तपशील सहसा गाळलेला असतो. सप्टेंबर १९८२ च्या अखेरीस शिकागो परिसरात सात माणसं टायलेनॉल ही वेदनाशामक कॅप्सूल घेऊन मेली. कुणीतरी दुकानातल्या बाटल्यांत सायनाइड घातलं होतं. (तो कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.) जॉन्सन अँड जॉन्सननं देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च दहा कोटी डॉलरच्या वर. नोव्हेंबरमध्ये तिहेरी सीलची बाटली बाजारात आणली.

गाळलेला तपशील असा. पहिल्या काही तासांत पत्रकारांनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात सायनाइड असतं का?" कंपनीनं सांगितलं, नाही. नंतर कळलं की चाचणीच्या प्रयोगशाळेत ते थोडं वापरलं जातं. त्या सायनाइडचा मृत्यूंशी संबंध नव्हता. तरीही आधीचं विधान चुकीचं ठरलं होतं, आणि कंपनीला ते दुरुस्त करावं लागलं. विचार करा, पहिल्याच दिवशी "आमच्या कोणकोणत्या विभागात सायनाइड येतं?" हा प्रश्न प्लँटला फोन करून कुणी विचारला असता तर? तो प्रश्न सुचायला चाचणी विभाग म्हणजे काय हे माहीत असावं लागतं. कारखान्याचा फ्लो डायग्राम वाचता येणारा जनसंपर्क अधिकारी इथे कामाला येतो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर ऑक्टोबर २००३, ऐन दिवाळीच्या तोंडावर. मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं कारवाई केली. कंपनीचं पहिलं म्हणणं असं की दोष दुकानातल्या साठवणुकीचा. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नसेलही. पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं ती टोलवाटोलवीच होती. प्रशासनानंही विचारलं, मग पॅकिंगचं काय? पुढे कंपनीनं "विश्वास" नावाचा कार्यक्रम घेतला, दुकानदारांना साठवणूक शिकवली आणि जानेवारी २००४ मध्ये उष्णतेनं सील केलेलं नवं वेष्टन आणलं. मग अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांना अमिताभ आठवतात. माझ्या मते खरं काम त्या सीलनं केलं. वेष्टन बदललं नसतं तर अमिताभनी सांगायचं तरी काय? (ही कंपनी २०१४ पासून माँडेलीझ इंडिया या नावानं आहे.)

या कामाला आता कायद्याचंही वजन आलंय. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीनं महत्त्वाची घटना ठरावीक मुदतीत एक्स्चेंजला कळवावी लागते. सेबीच्या २०२३ च्या दुरुस्तीत ही मुदत अशी होती: संचालक मंडळाच्या बैठकीतला निर्णय ३० मिनिटांत, कंपनीच्या आतली घटना १२ तासांत. सर्वांत मोठ्या २५० कंपन्यांना तर माध्यमांतली अफवा शेअरचा भाव हलवत असेल तर खरी की खोटी हे सांगावं लागतं. पहिल्या १०० ना जून २०२४ पासून, उरलेल्यांना डिसेंबर २०२४ पासून. म्हणजे "नो कमेंट" म्हणून फोन ठेवायचे दिवस गेले. संपर्कप्रमुखाला ताळेबंद वाचता आला पाहिजे आणि कंपनी सेक्रेटरीशी त्याचं जमलं पाहिजे.

शिरायचं कसं? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि सिम्बायोसिस, मुंबईत झेवियर, अहमदाबादला मायका, दिल्लीला आयआयएमसी. पण डिप्लोमा केलाच पाहिजे असं नाही. पीआर एजन्सीत उमेदवारी करून लोक पुढे येतात. तिथे पहिलं वर्ष पेपर वाचून कात्रणांचे अहवाल करण्यात जातं, पत्रकार फोन उचलत नाहीत, मित्र मात्र आयटीत जाऊन बाइक घेतात. पगार सुरुवातीला बेताचा, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षांनी कंपनीच्या आत जाता येतं, आणि तिथे ज्याला प्रॉडक्ट कळतं त्याला लवकर बोलावणं येतं. मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हीत सरळ लिहिता येणं हे भांडवलच. प्लँट खेड्याजवळ असेल तर ग्रामसभेत इंग्रजी प्रेझेंटेशन कामाचं नाही.

सराव आजपासून करता येईल. समजा हॉस्टेलच्या टाकीच्या पाण्याला वास येतोय आणि दोन मुलं तापानं आडवी आहेत. बी विंगमध्ये "कावीळ पसरली" इथपर्यंत बातमी गेलीय. बोर्डावर नोटीस मात्र एवढीच: "पाणीपुरवठा काही तांत्रिक कारणास्तव बंद राहील." हिच्या जागी तुम्ही सहा ओळी लिहा. लिहिण्याआधी वॉचमनला, मेसच्या मावशींना आणि टाकी धुणाऱ्या माणसाला भेटा. मजकूर साधारण असा होईल:

"काल रात्रीपासून टाकीच्या पाण्याला वास येत आहे. कारण अजून कळलेले नाही. पाण्याचा नमुना तपासणीला दिला आहे, अहवाल परवा येईल. दोन विद्यार्थ्यांना ताप आहे. तो पाण्यामुळेच आहे असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. तोवर हे पाणी पिऊ नये, मेसमध्ये उकळलेले पाणी ठेवले आहे. पुढची नोटीस आज रात्री ८ वाजता लागेल."

आता हा कागद घेऊन रेक्टर सरांकडे जा आणि दुसरं वाक्य खोडू नका म्हणून त्यांना पटवा. आणि रात्री ८ ला नवीन काही कळलेलं नसलं, तरी नोटीस लावा.