आधी प्रश्न, मग साधन

जामखेड

चि. ऋतुजा,


पुण्यातली ई-लर्निंगची नोकरी सोडून शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करावी का, असं विचारलं आहेस. तुझी आई म्हणते, ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?’ मी म्हणतो, जरूर कर. फक्त कारण बदल. तुला एआय आणि व्हीआरवर काम करायचंय. ही साधनं झाली, हा प्रश्न नव्हे. तुझा प्रबंध पुरा होईपर्यंत ती जुनी झालेली असतील.

साधन मोठं की पद्धत, हा वाद जुनाच आहे. 1983 साली रिचर्ड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने माध्यमांवरचे अभ्यास तपासून ठामपणे मांडलं, की फरक पडतो तो शिकवण्याच्या पद्धतीने, माध्यमाने नव्हे. रॉबर्ट कोझ्मा या दुसऱ्या संशोधकांना ते पटलं नाही. काही पद्धती विशिष्ट माध्यमामुळेच शक्य होतात, असं त्यांचं म्हणणं. दोघांनाही वाच, बाजू घ्यायची घाई करू नकोस.

इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा, म्हणजे शिकवण्याच्या आखणीचा, उत्तम नमुना तर आपल्या गावातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये इथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या जामखेडला येत, जातपात बाजूला ठेवून एकत्र राहत, गावात काय घडलं ते सांगत, नवं शिकत आणि परत जाऊन इतरांना शिकवत.

आता जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी घे. लिटरभर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. पाठ एवढासाच. पण शिकणारीला वाचता येत नाही, घरात मापाचं भांडं नाही आणि मीठ जास्त पडलं तर तान्ह्या पोराच्या जिवाशी गाठ. माप लक्षात कसं राहील? चुकलं तर तिचं तिला कसं कळेल? ती शेजारणीला सांगेल तेव्हा त्यातलं काय गळून जाईल? तुझ्या कोर्सच्या स्टोरीबोर्डात हे प्रश्न कुठे असतात? तिथं क्लायंटने मंजुरी दिली आणि संगणकावर कोर्स ‘पूर्ण’ दिसला, की संपलं. संशोधकाचं काम तिथून पुढे सुरू होतं: शिकला म्हणतेस, ते कशावरून?

तुझ्याजोगा प्रश्नही इथंच आहे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. आज बालभारतीच्या पुस्तकांत कोड असतो. पण आपल्या भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, तेव्हा पोरांची शाळा मध्येच सुटते. फोन असला तर घरात एकच, तोही बापाच्या खिशात. चार-सहा महिन्यांनी परतलेल्या पोराला गणिताचा धागा नेमका कुठून जोडून द्यायचा? याचं उत्तर ॲपमध्ये निघेल किंवा साध्या कागदी कार्डांतही निघेल. जे निघेल ते मान्य करायची तयारी ठेव. नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

आता व्यवहाराचं. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात 2010 पासून पीएचडीची सोय आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञानशिक्षणावर संशोधन चालतं. अर्जाआधी दोन्हीकडच्या प्राध्यापकांचे शोधनिबंध वाच. संख्याशास्त्र पक्कं कर. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसून टिपणं काढायला शीक. तुला बोलायची फार घाई असते. शिष्यवृत्ती तुझ्या पगाराएवढी नसेल, तेव्हा डोक्यावरचं कर्ज आधी फेड. प्राध्यापकीच्या जाहिरातींत हा विषय नावानिशी क्वचितच दिसतो. शिक्षणशास्त्र विभागात जायचं असेल तर नेट आणि पदव्युत्तर पदवीच्या अटी आजच बघ, प्रबंध झाल्यावर नव्हे.

दिवाळीत ये. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी दोन-चार घरी जाऊ, पोरांशी आणि त्यांच्या गुरुजींशी बोलू. मग एका पानावर लिहून दाखव: शिकणारा कोण, त्याचं अडतं कुठे आणि तो शिकला हे कशावरून ठरवशील. पान जमलं तर राजीनामा दे. नाही जमलं तर वर्षभर नोकरी कर आणि सुट्टीच्या दिवशी शाळांतून हिंड. तुझ्या आईची समजूत घालायचं काम माझ्याकडे.

तुझा,
मामा